चाकू निघायच्या आधी ‘सायको’ काय करतो

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनी पुढं येऊन सतरंजीवर बसा, जागा आहे अजून. तर आज ‘सायको’, 1960 चा पिक्चर, दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. याचं नाव काढलं की जो तो शॉवरच्या सीनवरच येतो, पडदा, चाकू, किंचाळी. तो सीन भारी आहेच, वादच नाही, पण माझं म्हणणं असंय की त्या सीनमध्ये सस्पेन्स जवळजवळ नाहीच. सस्पेन्स सगळा त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर आहे, आणि तो कसा रचलाय तेवढंच मला आज बोलायचंय.

सांगलीकराला हा फरक लगेच कळेल. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला तेव्हा आपण सगळे काय करत होतो? आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं, 40 ला इशारा, 45 ला धोका, कोयनेतून किती सोडलं, सारखे एकमेकांना फोन, आणि आकडा कळत होता म्हणूनच झोप लागत नव्हती, शेवटी तो 57 च्या वर गेला. येणार हे माहितीये आणि आपल्या हातात काही नाही, तिथं जीव टांगणीला लागतो. हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं, तेही हेच. दोन माणसं साधं काहीतरी बोलतायत आणि बॉम्ब एकदम फुटला तर पब्लिक पंधरा सेकंद दचकतं, पण बॉम्ब एक वाजता फुटणार हे पब्लिकला आधीच माहिती असलं, मागं घड्याळ दिसतंय आणि पाऊण वाजलाय, तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं जीव खातात.

आता पिक्चरमध्ये बघा. मॅरियन नावाची बाई ऑफिसचे 40,000 डॉलर घेऊन पळते. रात्री रस्त्याकडेला गाडीत झोपते, सकाळी काचेवर टकटक होते, समोर काळ्या चष्म्याचा पोलीस, त्याचा चेहरा पडदाभर. तो पोलीस काहीही करत नाही हो! लायसन बघतो, सोडून देतो, मग थोडा वेळ मागं येतो, पुढं ती गाडी बदलायला जाते तर समोरच्या बाजूला उभा. डोळेच दिसत नाहीत त्यामुळं त्याला काय कळलंय ते आपल्याला कळत नाही, आणि आपल्याला मात्र पर्समध्ये काय आहे ते माहितीये. चोरी तिनं केलीये आणि घाम आपल्याला फुटतो.

मग ती पावसात गाडी चालवते. पडद्यावर काय आहे तर एक चेहरा, स्टिअरिंग, वायपर, बस. पण मागं बर्नार्ड हरमनचं म्युझिक, सगळं फक्त तंतुवाद्यांचं, टायटल्सला वाजलेलंच इथं परत वाजतं, आणि तिच्या डोक्यात साहेब काय म्हणेल, तो गाडीवाला काय म्हणेल ते आवाज चालू. ते म्युझिक काढून टाकलं तर एक बाई गाडी चालवतीये एवढंच उरेल.

मोटेलवर पोचल्यावर ते चालवणाऱ्या नॉर्मनशी तिच्या गप्पा होतात, भिंतीवर भुसा भरलेले पक्षी, आणि त्या गप्पांनंतर तिचं मन पालटतं, परत जायचं ठरवते. कागदावर हिशोब मांडते, 40,000 वजा गाडीला गेलेले 700, उरले 39,300. कागद फाडून टॉयलेटमध्ये फ्लश करते आणि मग अंघोळीला जाते. म्हणजे इतका वेळ आपण जी काळजी केली ती मिटलेली असते, आपण सैल झालेलो असतो, आणि चाकू नेमका तेव्हा येतो. हा दणका आहे, शुद्ध दणका. त्या पाऊण मिनिटाच्या शूटिंगला सात दिवस लागले, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, हे सगळं खरंय, पण ती कारागिरी झाली. हिचकॉकला तर तो सीन म्युझिकशिवाय ठेवायचा होता, हरमननं तरी लिहिलं आणि ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं.

खरी कमाल पुढं आहे. हिरोईनच गेली, आता आपण कुणाच्या बाजूनं बघायचं? नॉर्मन बाथरूम साफ करतो. सावकाश, फरशी पुसतो, बेसिन धुतो, डायलॉग जवळपास नाहीतच. पैसे पेपरात गुंडाळलेले आहेत, त्याला माहिती नाही, तो पेपर तसाच डिकीत टाकतो. मग गाडी दलदलीत ढकलतो, ती बुडायला लागते, तो काठावर काहीतरी चघळत उभा, आणि गाडी अर्ध्यात थांबते! तो इकडंतिकडं बघतो. मी हा सीन पोरांबरोबर बघितलाय, मोठ्यांबरोबर बघितलाय, त्या क्षणी सगळ्यांना एकच वाटतं, बुड की बाई एकदाची. आत त्याच बाईचं प्रेत आहे जिच्यासाठी आपण आत्तापर्यंत धास्तावलो होतो! हिचकॉकनं आपल्याला नुसतं काम दाखवून खून लपवणाऱ्याच्या बाजूला नेलेलं असतं. माझ्या मते अख्ख्या पिक्चरमधलं सगळ्यात मोठं काम हे आहे.

यानंतर त्याला फार काही करावं लागत नाही. डिटेक्टिव्ह आर्बोगास्ट जिना चढतो, घरातल्या नॉर्मनच्या आईनंच खून केलाय असं आपल्याला वाटतं, ते त्याला माहिती नाही, वरचं दार फटीएवढं उघडतं आणि कॅमेरा एकदम छताला जातो. त्यामुळं आईचा चेहरा लपतो, आणि लांबून बघता बघता पुढच्याच शॉटला त्याचा रक्ताळलेला चेहरा अगदी जवळून येतो. नंतर मॅरियनची बहीण लायला त्याच घरात शिरते तेव्हा नुसता दरवाजा दिसला तरी पोटात गोळा येतो.

शेवटचं डॉक्टरचं लांबलचक स्पष्टीकरण मला कधीच पटलं नाही, तळघरात जे दिसलं त्यानंतर त्याची गरज नव्हती. तुम्हाला वेगळं वाटलं तर बोलू. हा पिक्चर लागला तेव्हा सुरू झाल्यावर थिएटरात कुणालाही आत सोडायचं नाही असा नियमच हिचकॉकनं लावला होता, आपणही आज तेच करू, दार बंद, मोबाईल बंद, 109 मिनिटं. प्रश्न नंतर घेऊ. लाइट घालवा.