रँडचा वध, आणि आयर्स्टचं काय?

हा पुण्याचा गणेशखिंड रोड. संध्याकाळी इथे ट्रॅफिकमधे अडकलात तर शिव्या घालायला भरपूर वेळ मिळतो, तेवढ्यात ऐका. २२ जून १८९७ ची रात्र, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून गव्हर्नरच्या बंगल्यावर, म्हणजे आज विद्यापीठ आहे तिथे, जंगी पार्टी. बग्ग्या परत निघाल्या, अंधारातून "गोंद्या आला रे आला" अशी हाक आली आणि दामोदर चापेकर मागून रँडच्या बग्गीवर चढला.

रँड कोण ते शाळेत पाठ केलंय सगळ्यांनी. प्लेग कमिटीचा प्रमुख, गोरे सोल्जर घराघरात घुसवणारा, देवघर बघितलं नाही की बायका बघितल्या नाहीत. पण मागच्या बग्गीत लेफ्टनंट आयर्स्ट होता, शेजारी त्याची बायको. दामोदरचा भाऊ बाळकृष्ण, त्याने आयर्स्टला गोळी घातली, तो तिथेच गेला. रँड तर ३ जुलैपर्यंत जगला.

आता शब्द बघा. आपण म्हणतो रँडचा वध. कंसाचा वध, अफझलखानाचा वध, तसाच. आणि आयर्स्ट? तो नुसता "मारला गेला", म्हणजे जसं काही कोणी मारलाच नाही, आपला वाटेत आला बिचारा. इंग्रजांकडे दोन्ही मर्डर, आणि त्यांच्या सोल्जरांनी घरात घुसून घातलेला धिंगाणा म्हणजे "प्लेगची उपाययोजना", तेही काही कमी नव्हते.

गंमत म्हणजे आठवडाभर आधी, १५ जूनच्या केसरीत, शिवाजी उत्सवातलं टिळकांचं भाषण छापून आलं होतं आणि प्रश्न हाच होता, अफझलखानाला मारलं ते पाप का? उत्तर गीतेतनं, स्वतःच्या स्वार्थासाठी नसेल तर दोष लागत नाही. सरकारने तेच कोर्टात काढलं, राजद्रोह, टिळकांना १८ महिने तुरुंग. पण हाच "वध" शब्द गांधींच्या खुनाला लावणारे लोक पण आहेत, तो ऐकला की माझ्या पोटात कालवतं, रँडच्या वेळी नाही कालवत, खरं तेच सांगतो.

आणि द्रविड बंधू. दामोदरचं नाव त्यांनी पोलिसांना दिलं, सरकारने २० हजारांचं इनाम लावलेलं. फेब्रुवारी १८९९ मधे वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे रात्री त्यांच्या दारात गेले, साहेबाने बोलावलंय म्हणून बाहेर काढलं, गोळ्या घातल्या. पुण्याचेच होते ते, पण एकदा फितूर म्हटलं की खून झाला असं कोणी म्हणत नाही.

तिघं भाऊ आणि रानडे, चौघंही येरवड्याला फासावर गेले. चिंचवडच्या चौकात पुतळे आहेत, तिथनं जाताना मीही गाडी स्लो करून हात जोडतो.