रायफल बदलण्याआधी पेलेटचा डबा बदला

नमस्कार मंडळी! ही माझी १० मीटरची एअर रायफल, कंपनीतून आली तशीच. नवी रायफल घेतली की दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाला वाटायला लागतं, 'हीच नीट मारत नाही.' मग नवी साइट (नेम धरायची दुर्बीणवजा पट्टी), नवा ट्रिगर, आणि घरच्यांच्या खिशाला कात्री. जरा थांबा.

दहाचा ठिपका केवढा असतो? ०.५ मिलीमीटर! आणि पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, ४.५ मिलीमीटरचं. म्हणजे पेलेटचा मध्य अडीच मिलीमीटरपेक्षा जास्त इकडं-तिकडं झाला, की दहा गेला.

माझंच सांगतो. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर माझा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, वर-खाली पसरायला लागला. दोन आठवडे मी श्वासावर मेहनत घेतली. शेवटी रायफल उलटी केली, तर स्टॉकचा (खांद्याला लावायच्या दांड्याचा) पुढचा बोल्ट चक्क बोटानं फिरत होता. उद्यमनगरात इंजिनचं हेड बसवणारा मिस्त्री बोल्ट अंदाजानं आवळतो का? टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना, लावतो. आपणही तेच करायचं. मॅन्युअलमधला आकडा बघा, दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. जोर लावून पिळू नका, ॲक्शनवर, म्हणजे नळी आणि ट्रिगर बसवलेल्या भागावर, ताण येतो.

आता पेलेट. खरी गंमत इथं आहे. हा डबा बघा, ४.४९. हा ४.५०, हा ४.५१. हा पेलेटच्या डोक्याचा व्यास. मागचा भाग पोकळ, शिसं पातळ. हवेचा दाब बसला की तो फुलून नळीच्या आट्यांत घट्ट बसतो. आता प्रत्येक नळी आतून थोडी वेगळी. त्यामुळं मैत्रिणीच्या रायफलमधून एकाच भोकात जाणारं पेलेट तुमच्या रायफलमधून पसरू शकतं. त्याच कंपनीचा पुढचा लॉट, म्हणजे पुढच्या खेपेत बनलेला माल, तोसुद्धा वेगळा वागतो.

आपल्या राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं, ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), पॉइंट टू टू म्हणजे काडतुसाच्या रायफलनं. त्या प्रकारात मोठे नेमबाज स्वतःची रायफल घेऊन काडतुसं बनवणाऱ्या कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात आणि लॉट निवडून आणतात. आपल्याला तेवढं लांब जायची गरज नाही.

रेंजवरच, कोचसमोर, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. इथं तुमचा नेम तपासायचा नाही, पेलेट तपासायचंय. डबा बदलला की पहिली ५ मारा पण मोजू नका, मग १० एकाच कागदावर. पाचावर निकाल लावू नका, पाच नशिबानंही जवळ पडतात. ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरनं मोजा, त्यातून ४.५ वजा करा. प्रत्येक डब्याचे असे तीन कागद. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक पीस (गालाला टेकणारा भाग) असे लावा की मान न ताणता डोळा साइटमागे येईल. हवेचा सिलिंडर आणि दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर मात्र घरी अजिबात उघडू नका. आत २०० बारपर्यंत दाब असतो, ते सर्व्हिसवाल्याचंच काम.

डबा ठरला? मग त्याच्यावरच्या लॉट नंबरचा आत्ताच फोटो काढा, आणि तोच लॉट संपायच्या आत सीझनभराचे डबे एकदम उचला.