अर्नोल्ड पर्ल आणि बोंचेचा पाव

नमस्कार मंडळी,

नाट्यविभागाने विषय माझ्यावर सोपवलाय, तेव्हा आज अर्नोल्ड पर्ल या अमेरिकन लेखकाबद्दल बोलतो. नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. पण ‘फिडलर ऑन द रूफ’ हे संगीत नाटक आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. त्याच्या श्रेयनामावलीत ‘अर्नोल्ड पर्ल यांच्या विशेष परवानगीने’ अशी ओळ आहे. ती तिथे कशी आली, ते सांगतो.

पर्ल १९१४ सालचे, रेडिओसाठी लिहिणारे. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाचं पुस्तक निघालं. रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची नावं, आणि कोण कुठल्या डाव्या संस्थेच्या जवळचा, याची जंत्री. त्यात पर्ल होते. यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतली, रंगभूमी गाजवणाऱ्या जेकब अ‍ॅडलर यांची मुलं, स्टेला आणि ल्यूथर, तीही होती. खटला नाही, शिक्षा नाही. जाहिरातदार बिचकले की कामाचे फोन बंद. आणि अशांना काम न देण्याची काळी यादी आहे हे कोणी कबूलही करायचं नाही, मग दाद कुणाकडे मागणार?

नाटकाला मात्र जाहिरातदार लागत नाही, तिकीट काढणारा प्रेक्षक लागतो. १९५३ साली न्यूयॉर्कच्या बार्बिझन प्लाझा हॉटेलातल्या नाट्यगृहात पर्ल यांनी यिडिश कथांवरच्या तीन एकांकिका आणल्या. दिग्दर्शक हॉवर्ड दा सिल्वा, नट मॉरिस कार्नोव्स्की, जॅक गिलफर्ड. सगळे काळ्या यादीतले.

त्यातली एक होती यिडिश लेखक पेरेत्झच्या कथेवरची, ‘बोंचे श्वाइग’. बोंचे हमाल. जन्मभर मार खाल्ला, मजुरी बुडाली, पण तोंडातून ब्र नाही काढला. मेल्यावर स्वर्गात दरबार भरतो. तिथला फिर्यादी देवदूतसुद्धा म्हणतो, हा गप्प राहिला, मीही गप्प राहतो. न्यायाधीश म्हणतात, बाबा रे, सगळा स्वर्ग तुझा, माग काय हवं ते. बोंचे भीत भीत मागतो: रोज सकाळी एक गरम पाव आणि ताजं लोणी. देवदूतांच्या माना खाली जातात. फिर्यादी हसतो.

१९५३ मध्ये, सहकाऱ्यांची नावं सांगा म्हणून अमेरिकन संसदेच्या समितीसमोर माणसं उभी केली जात असताना, गप्प बसणाऱ्याची ही गोष्ट त्या नटांनी करावी! बचावाच्या देवदूताचं काम रूबी डी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केलं होतं.

‘फिडलर’ बेतलंय ते यिडिश लेखक शोलेम अलेकेम यांच्या टेव्ह्या या गवळ्याच्या कथांवर, आणि त्या कथांचे नाट्यहक्क पर्ल यांच्याकडे होते. १९५७ मध्ये त्यांनी त्यावर नाटकही केलं. म्हणून १९६४ च्या ‘फिडलर’वाल्यांना त्यांची परवानगी घ्यावी लागली. ३,२४२ प्रयोग झाले, प्रत्येकाच्या पत्रिकेत ते नाव. त्यातला टेव्ह्या, झीरो मोस्टेल, काळ्या यादीतला. दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांनी समितीपुढे सहकाऱ्यांची नावं सांगितलेली. तरी दोघांनी एकत्र तालमी केल्या. मला नसतं जमलं.

पर्ल डिसेंबर १९७१ मध्ये गेले. कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स यांच्यावरच्या पटकथेवर आधी लेखक जेम्स बाल्डविन, मग पर्ल यांनी काम केलं होतं. १९९२ मध्ये स्पाइक ली यांचा चित्रपट आला तेव्हा नावं होती पर्ल आणि ली यांची. बाल्डविन यांचं नाव कुटुंबीयांच्या इच्छेवरून काढलेलं.

आता कामाचं. पर्ल यांच्या संहितेला हक्क लागतील, पण पेरेत्झ १९१५ साली वारले, त्यांची मूळ कथा सर्वांना खुली आहे. मराठीत करून अभिवाचन करता येईल. पात्रं थोडी, नेपथ्य जवळजवळ नाहीच. बोंचेला वाक्यंही फार नाहीत, त्यामुळे पाठांतराला घाबरणाऱ्यांनी आधी नाव द्यावं. जेवणानंतर मी वहीसकट दाराशीच थांबतो.