चाती, चकती आणि अँडीजचे सूत

पेरूच्या किनारपट्टीवर पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि म्हणूनच एरवी मातीत कुजून गेले असते ते सूत आणि कापड तेथील वाळूत शतकानुशतके टिकून राहिले आहे. चांकाय संस्कृतीच्या, म्हणजे साधारणपणे इ.स. १००० ते १४७० या काळातील थडग्यांत बोरूच्या काड्यांनी विणलेल्या, झाकण असलेल्या लांबट पेट्या सापडतात. त्यांत न कातलेला कापूस असतो, रंगीत सुताच्या गुंड्या असतात आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत जाणाऱ्या बारीक लाकडी चात्या, म्हणजे सूत कातण्याच्या काड्याही असतात; काही चात्यांवर तर अर्धवट कातलेले सूत अजून तसेच आहे. चाती फिरती राहावी म्हणून तिच्यावर बसवलेली भाजक्या मातीची चकती मण्याएवढीच, पण तिच्यावरही नक्षी काढलेली असते.

चकती एवढी लहान का, याचे उत्तर कापसात आहे. कापसाचा तंतू आखूड, त्याला लोंबत्या चातीचे वजन पेलत नाही. त्यामुळे चातीचे टोक वाटीत टेकवून ती फिरवत. टकळी चालवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. अल्पाका या अँडीज पर्वतातल्या प्राण्याची लोकर मात्र लांब तंतूंची असल्याने तिच्यासाठी जड चकतीची चाती हवेत लोंबती सोडता येते. मग असे दोन धागे उलट दिशेने एकत्र पिळले की दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात, आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना लागणारी मजबुती येते.

या सुतावर काय उभे राहिले, ते पेरूच्याच किनाऱ्यावरील पाराकासच्या द्वीपकल्पावर दिसते. पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांच्या पथकाला तेथील वारी कायान येथे १९२७ पासून ४२९ मृतदेहांची गाठोडी मिळाली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गाठोड्यांतील शाली लोकरीच्या रंगीत भरतकामाने नटलेल्या आहेत, आणि सगळे कौतुक त्यांच्याच वाट्याला येते. वास्तविक मोठ्या गाठोड्यांना गुंडाळलेले साधे सुती कापड कातायलाही अमाप वेळ गेला असणार.

चरखा अँडीजमध्ये आला तो स्पॅनिश लोकांबरोबर. त्यापूर्वीच्या इंका राज्यात कुटुंबांना सरकारी कोठारातून लोकर मिळे आणि त्यांनी विणलेले कापड पुन्हा कोठारात जमा होई. सैनिकांचे कपडे तेथूनच निघत, आणि त्यातला प्रत्येक धागा चातीवरच कातलेला असे.