जपानमधल्या मॉर्मन मिशनऱ्याचा दिवस

जपानमध्ये काही वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा. स्टेशनाबाहेर सायकली घेऊन उभी असलेली, पांढरा शर्ट-टाय घातलेली, खिशावर काळी पाटी लावलेली दोन तरुण पोरं त्यांनी बघितलेली असतात. बघणाऱ्याला वाटतं, ही मुलं दिवसभर प्रवचनं झोडत असणार. खरं तर धर्म शिकवण्यात त्यांचा फार थोडा वेळ जातो. उरलेला वेळ जातो ऐकणारं माणूस शोधण्यात आणि शेजारच्या जोडीदाराशी जमवून घेण्यात. आज बोलायचं आहे ते या उरलेल्या वेळाबद्दल. त्यांच्या श्रद्धा खऱ्या की खोट्या, हा आजचा विषय नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 1830 साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ काढला. मुख्यालय यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. 'मॉर्मन' हे टोपणनाव टाळा, असं 2018 पासून चर्चचे प्रमुख सांगतात, पण अधिकृत नाव इतकं लांबलचक आहे की मी जुनंच वापरतो. जपानमध्ये त्यांचे पहिले मिशनरी 1901 मध्ये पोचले, 1924 मध्ये काम गुंडाळलं आणि महायुद्धानंतर, 1948 मध्ये, पुन्हा सुरू केलं. पुणेकरांसाठी एक गंमत: याच पंथाचे ह्यू फिंडले 1852 मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यात त्यांनी छोटीशी मंडळीही जमवली होती. ती टिकली नाही.

मिशनवर जाणं ऐच्छिक आहे, पण मुलग्यांकडून ती अपेक्षाच असते. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. 2012 मध्ये मुलग्यांचं किमान वय 19 वरून 18 केलं आणि मुलींचं 21 वरून 19; 2025 मध्ये मुलींचंही 18 झालं. आधी स्थानिक बिशपची, म्हणजे गावातल्या मंडळीच्या प्रमुखाची, मुलाखत, मग त्याच्या वरच्या अधिकाऱ्याची, शिवाय डॉक्टरचा आणि दातांच्या डॉक्टरचा दाखला. अक्कलदाढ त्रास देणार असेल तर ती घरीच काढून घ्यायला सांगतात; परक्या देशात, मोडक्यातोडक्या भाषेत दाढ काढण्याची वेळ कुणावर येऊ नये. देश निवडता येत नाही. नेमणूक मुख्यालयातून येते. पगार तर नाहीच, उलट घरच्यांनी पैसे भरायचे. अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी 2020 मध्ये ही रक्कम महिन्याला 400 डॉलरवरून 500 झाली. मुलगा महागड्या टोकियोत जावो नाहीतर स्वस्त देशात, भरायचे तेवढेच. ते एकत्र जमा होतात आणि गरजेप्रमाणे वाटले जातात.

प्रशिक्षणाचं सर्वांत मोठं केंद्र यूटामधल्या प्रोव्हो गावात आहे. जपानीसारख्या भाषेला सुमारे नऊ आठवडे मिळतात. शिकवणारे बहुतेक त्याच देशातून परतलेले माजी मिशनरी असतात. व्याकरण संपेपर्यंत थांबायचं नाही, पहिल्या काही दिवसांतच जपानीतून प्रार्थना आणि धडा द्यायला बसवतात. तोटा लगेच दिसतो. मुलगा टोकियोत उतरतो तेव्हा 'पश्चात्ताप' आणि 'पुनरुत्थान' हे शब्द त्याला तोंडपाठ असतात, पण नळ गळतोय हे घरमालकाला सांगता येत नाही.

दिवस साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ आणि नाश्ता. आठच्या सुमारास एकट्यानं अभ्यास, त्यानंतर जोडीनं, मग भाषा. बाहेर पडेपर्यंत दहा-अकरा वाजतात. रात्री नऊ-साडेनऊला परत, उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. 2017 नंतर या वेळा देशाप्रमाणे थोड्या सरकवता येतात, आणि जपानमध्ये त्याची गरजच होती: दुपारी घरात कुणी नसतं, माणसं भेटतात ती संध्याकाळी सहानंतर. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुण्याचा, बाजाराचा आणि घरी फोन करण्याचा. 2019 पर्यंत फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला करता येतो.

आता जोडीदार. तो स्वतः निवडायचा नाही, वरून नेमला जातो, आणि चोवीस तास एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. आंघोळ आणि संडास एवढाच एकांत. फोनही एकमेकांनी बघावा असा नियम आहे. साधारण सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. नवख्याचा पहिला जोडीदार मात्र बारा आठवडे त्याला शिकवतो. भांडणं धर्मावरून होत नाहीत. ती होतात भांडी कुणी घासायची, गजर कितीदा बंद करायचा आणि एक जण दमलेला असताना दुसऱ्याला अजून एक गल्ली का करायची आहे, यावरून. दर आठवड्याला समोरासमोर बसून एकमेकांच्या खटकणाऱ्या गोष्टी बोलायच्या, अशी बैठक नेमून दिलेली असते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना ती जमतेच असं नाही. नैराश्यामुळे किंवा चिंतेच्या त्रासामुळे काही जण मुदतीआधी घरी जातात, आणि गावात त्यांच्याकडे अपयशी म्हणून बघितलं जातं. माझ्या मते या व्यवस्थेतली सर्वांत क्रूर गोष्ट हीच.

सायकलीकडे जरा जवळून बघा. सुटाची विजार आधी बैठकीवर विरते, गुडघे नंतर. म्हणून अनुभवी पोरं त्याच कापडाचं ठिगळ आतून आधीच लावून घेतात. मुलींचा घोळदार स्कर्ट साखळीत किंवा मागच्या चाकात जातो. पावसात छत्री धरून सायकल चालवायला बंदी आहे, तेव्हा दोन तुकड्यांचा रेनकोट हवा, आणि तो काढून ठेवायला पिशवी. ओला रेनकोट कुणाच्या दारात टपकवत उभं राहता येत नाही. मिशनच्या नियमानं हेल्मेट सक्तीचं. स्टेशनापाशी भलत्या जागी लावलेली सायकल नगरपालिका उचलून नेते आणि सोडवायला दंड पडतो. बूट सहज काढता येणारे हवेत, मोजे बिनभोकाचे, कारण घरात शिरताना बूट दारातच राहतात.

दारापर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट. नव्या इमारतींत खालचं दार कुलूपबंद, बोलणं इंटरकॉमवर, आणि उत्तर 'केक्को देस', म्हणजे नको. समजा कुणी आत घेतलंच, तर समोर हिरवा चहा येतो. मॉर्मनांना चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. चहा नाकारणं म्हणजे यजमानाला अवघडवणं, म्हणून शहाणा मिशनरी आधीच सांगतो की बार्लीचा 'मुगिचा' किंवा पाणी चालेल. मुगिचात चहाची पानं नसतात. दारं उघडत नाहीत म्हणून आठवड्यातून एकदा फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरवतात. गर्दी चांगली होते. आजी-आजोबा वर्षानुवर्षं येतात, इंग्रजी सुधारतं, आणि रविवारच्या सभेला मात्र एकदाही येत नाहीत.

यातून आकड्यांचा दबाव तयार होतो: किती जणांना शिकवताय, किती जण सभेला आले, किती जणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस टोकियोत वेग इतका वाढवला गेला की ओळख झाल्यावर अगदी थोड्या दिवसांत बाप्तिस्मे झाले. पुढे त्यातले बरेच जण चर्चकडे फिरकलेच नाहीत आणि नोंदवह्यांत नुसती नावं उरली. ती माणसं शोधत फिरायचं काम नंतरच्या मिशनऱ्यांच्या माथी आलं.

बदलीचा एक त्रास बाहेरून दिसत नाही. परदेशी माणसानं नव्या घरी गेल्यापासून चौदा दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, आणि दुसऱ्या गावाहून आला असेल तर तिथून निघाल्याचा कागदही आणायचा. मिशनरी हे वरचेवर करतो. शिवाय प्रत्येक गावाचे कचऱ्याचे नियम वेगळे; चुकीच्या पिशवीत टाकलेला कचरा इशाऱ्याची चिठ्ठी चिकटवून तिथंच ठेवून देतात, आणि मग शेजारी बोलतात.

माणसं बदलतात, नोंदी मात्र फोनमधल्या ॲपवर राहतात. कोण कुठं राहतं, काय बोलणं झालं, पुन्हा कधी यायचं, हे सगळं पुढच्या जोडीला आयतं मिळतं. म्हणून तुमच्या दारात ही पोरं आली आणि तुम्हाला रस नसेल, तर 'बघू', 'सध्या जरा गडबडीत आहे' असं म्हणू नका. त्याची नोंद 'पुन्हा भेटा' अशी होते आणि पुढं नवनव्या जोड्या बेल वाजवत राहतात. 'नको, आणि परत येऊ नका' असं हसून सांगितलं, तर तेही ते टिपून घेतात.