तलवार तो की ती?

(कास पठार, सकाळ, धुकं)

सप्टेंबरातलं कास. आधी गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात, मग धुक्यातून फुलं दिसायला लागतात. पाणी साचलेल्या कातळाशी हा दोन फाट्यांचा तुरा उभा आहे. वायतुरा. वनस्पतिशास्त्रात ह्याचं नाव आपोनोजेटॉन सातारेन्सिस. सातारेन्सिस म्हणजे साताऱ्याचा. गावाच्या नावाला 'एन्सिस' जोडलं, की लॅटिनमध्ये आपल्या 'कर'चं काम होतं.

कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली ही मुलगी साताऱ्याचीच. कॉलेजात शिकते आणि मराठीत अद्भुत कादंबरी लिहिते. तिच्या गोष्टीत कोरल नावाची दरी आहे. तिथल्या माणसांचं नाव तिला ह्या तुऱ्यानं दिलं. एकटा असेल तर कोरलेन्सिस, जमले की कोरलेन्सेस.

(तेरड्याचं बोंड, अगदी जवळून)

आता हे बघा. तेरड्याचं पिकलेलं बोंड. बोट लागलं, आणि तडकलं! लॅटिन नाव इम्पेशन्स, म्हणजे उतावीळ. नाव ठेवणाऱ्यानंही बोंडाला हात लावून बघितला असणार.

(वाई, गणपती घाट)

वाई. ढोल्या गणपतीमागून ऊन वर येतंय. ह्याच गावात मराठी विश्वकोश घडला, आणि ह्याच गावात तिच्या संस्कृतच्या बाई राहतात. पायरीवर दोघींच्या मध्ये वही उघडी आहे.

रात्री पहारा देणारा एक पंथ तिला हवा होता. लॅटिनच का? संस्कृत नाव दिलं की वाचकाला लगेच पुराण आठवतं, असं ती म्हणते. मोबाइलनं दिलं 'कुस्तोस नोक्स'. वहीत ते खोडलेलं दिसतंय. कुस्तोस म्हणजे पहारेकरी, नोक्स म्हणजे रात्र. दोन्ही शब्द प्रथमेत, एकमेकांशी न बोलता उभे. बाई एवढंच म्हणाल्या, "अगं, षष्ठी कुठाय?"

रात्रीचे पहारेकरी: कुस्तोदेस नोक्तिस. 'नोक्तिस' ऐकून बाईंना 'नक्तम्' आठवलं. दूरच्या बहिणीच आहेत ह्या भाषा. डोमकावळ्यांचा पंथ असाच सुटला. कोर्वुस एक, त्याची षष्ठी अनेकवचनी कोर्वोरुम, पंथ ओर्दो. ओर्दो कोर्वोरुम. जिला 'काकानाम्' पाठ आहे, तिला ही जागा दाखवावी लागत नाही. 'रामः रामौ रामाः' म्हणणाऱ्या पोरांना हसणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. शिवाय लॅटिनला द्विवचन नाही, आणि विभक्त्या संबोधन धरून आठाच्या जागी सहाच. घोकंपट्टी तेवढी कमी.

(वहीचं पान, तलवारीचं चित्र)

अडली ती तलवारीपाशी. काळी तलवार. तिनं ऐटीत लिहिलं होतं 'ग्लादिउस निग्रा'. मराठीत तलवार 'ती', म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. पण ग्लादिउस पुल्लिंगी निघाला! नियमानं 'ग्लादिउस निगेर' व्हायला हवं. दोन दिवस ती ह्या 'तो'वर रुसून होती. मग बाईंनी चित्राकडे बोट दाखवलं. ग्लादिउस हे रोमन पायदळाचं आखूड शस्त्र, आणि हिनं काढलेलं पातं पानभर लांब. लांब तलवारीला रोमन लोकांकडे वेगळा शब्द होता: स्पाथा. तो शब्द स्त्रीलिंगी. स्पाथा निग्रा.

कादंबरी एका प्रकाशकांकडून परत आली, नावं मराठीत करा म्हणाले. दुसरीकडे पाठवली आहे.

(घाट, संध्याकाळ)

शेवटच्या प्रकरणात नायिका ती तलवार उचलते. वही मिटून बाई विचारतात,

"स्पाथा. द्वितीया?"

"स्पाथाम."

"मालाम्सारखं."

"हो बाई."