बुलपेनचं भोक: वॉशिंग्टन नॅशनल्स, २०१९

(दृश्य: न्यूयॉर्कचं सिटी फील्ड मैदान. धावफलकावर आठवी इनिंग.)

२३ मे २०१९. वॉशिंग्टन नॅशनल्स हा बेसबॉल संघ ४-३ने पुढे आहे. चेंडू वान्डर सुएरोच्या हातात आणि समोर न्यूयॉर्क मेट्सचा कार्लोस गोमेझ. गोमेझ चेंडू डाव्या बाजूला भिरकावतो, तीन धावा होतात आणि सामना ६-४ असा हातचा जातो. चार सामन्यांची मालिका मेट्सने चारही सामने जिंकून खिशात घातली. नॅशनल्सचा हिशेब: ५० सामने, १९ विजय, ३१ पराभव.

पाच महिने आणि एक आठवडा उलटल्यावर हाच संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकतो. हे कसं घडलं हे समजायला आधी संघाचं भोक नेमकं कुठे होतं ते बघावं लागेल.

(दृश्य: कुंपणापलीकडचं बुलपेन. बाकावर बसलेले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आणि भिंतीवरचा टेलिफोन.)

बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये तीन बाद, म्हणजे संघाला एकूण २७ गडी बाद करायचे असतात. सामना सुरू करणारा पिचर म्हणजे स्टार्टर. साधारण शंभर चेंडू टाकून तो पाच, सहा, फार तर सात इनिंग काढतो. मग बुलपेनमधून रिलीव्हर येतात, एकेक इनिंग टाकणारे. शेवटची इनिंग ज्याच्याकडे असते तो क्लोजर.

स्टार्टरने आणखी का टाकू नये? कारणं दोन. एक म्हणजे कोपर. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर प्रचंड ताण येतो, आणि तो तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया आणि वर्ष-सव्वा वर्ष मैदानाबाहेर. दुसरं कारण बॅटरचं. फलंदाजीचा क्रम तिसऱ्यांदा फिरून येतो तेव्हा समोरच्याने त्या पिचरचे सगळे चेंडू पाहिलेले असतात. पहिल्या वेळी चकवलेला तोच चेंडू तिसऱ्या वेळी कुंपणापार जातो.

मोसम १६२ सामन्यांचा, साधारण १८६ दिवसांचा. विश्रांतीचे दिवस हातावर मोजण्याइतके. म्हणून प्रत्येक संघ पाच स्टार्टर ठेवतो आणि दर पाचव्या दिवशी एकाची पाळी येते. मधल्या दिवसांत एकदा तो बुलपेनमध्ये जाऊन सरावाचे पंचवीस-तीस चेंडू टाकतो. याला साइड सेशन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा येणार आहे.

नॅशनल्सकडचे स्टार्टर अव्वल होते. मॅक्स शर्झर. स्टीफन स्ट्रासबर्ग. हिवाळ्यात सहा वर्षांसाठी १४ कोटी डॉलर देऊन आणलेला डावखुरा पॅट्रिक कॉर्बिन. चौथा, अनुभवी अनिबाल सांचेझ. संघाचा सर्वांत मोठा तारा ब्राइस हार्पर मात्र निघून गेला होता. फिलाडेल्फिया फिलीजने त्याला १३ वर्षांसाठी ३३ कोटी डॉलर दिले. सगळी चर्चा हार्परची झाली, बुलपेनकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

(दृश्य: एप्रिल. माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, ट्रेव्हर रोझेंथल.)

ट्रेव्हर रोझेंथल टॉमी जॉन शस्त्रक्रियेतून परतला होता. २०१८चा मोसम तो खेळलाच नव्हता. आठव्या इनिंगसाठी आणलेल्या या पिचरला पहिल्या चार सामन्यांत एकही बॅटर बाद करता आला नाही. पिचरची सरासरी, ज्याला ईआरए म्हणतात, ती अशी काढतात: क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून दिलेल्या धावांना टाकलेल्या इनिंगने भागायचं आणि नऊने गुणायचं. रोझेंथलच्या इनिंग शून्य. शून्याने भागायचं कसं? धावफलकावर त्याची सरासरी अनंत दाखवली जात होती. वेग गेला नव्हता, गेला होता ताबा. दुरुस्त झालेल्या कोपराला वेग आधी सापडतो, दिशा नंतर. जूनमध्ये संघाने त्याला मोकळं केलं.

एक रिलीव्हर कोसळला की त्याचं काम इतरांवर पडतं. जो विश्वासाचा उरला, तो शॉन डूलिटल, त्यालाच वारंवार बोलावलं गेलं. हिशेबात न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. फोन वाजला की रिलीव्हर उठून वीसेक चेंडू टाकून हात गरम करतो. मग कधी मॅनेजर बेत बदलतो आणि तो मैदानात येतच नाही. कागदावर त्या दिवशी त्याने काहीच टाकलेलं नसतं, पण हाताने टाकलेलं असतं. ज्या बुलपेनवर भरवसा नाही तिथे असे फुकट गेलेले चेंडू वाढत जातात, आणि चांगला हातही ऑगस्टपर्यंत थकतो. डूलिटल ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या दुखण्याने बाहेर बसला.

त्यातच २ एप्रिलला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, ट्रे टर्नरचं बोट मोडलं. तो बंट करत होता, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू हलकेच ढकलत होता. त्यात हाताचं बोट चेंडूच्या वाटेत येतं. तो दीड महिना बाहेर राहिला. २ मे रोजी पिचिंग प्रशिक्षक डेरेक लिलिक्विस्टला काढून पॉल मेनहार्टला आणलं. मेअखेर बुलपेनची सरासरी सातच्या आसपास होती. तोवर मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांनाही काढा, अशी ओरड सुरू झाली होती. सरव्यवस्थापक माइक रिझो यांनी त्यांना ठेवलं. पुढचं सगळं त्या निर्णयावर उभं आहे.

(दृश्य: जून. नाक सुजलेला, डोळ्याखाली काळंनिळं झालेला शर्झर.)

पालटलं काय? जखमी खेळाडू परतले आणि स्टार्टर खोलवर टाकू लागले. १८ जूनला बंटच्या सरावात चेंडू तोंडावर बसून शर्झरचं नाक मोडलं. दुसऱ्याच दिवशी फिलीजविरुद्ध त्याने सात इनिंग टाकल्या, एकही धाव दिली नाही आणि दहा जणांना तीन स्ट्राइकवर, म्हणजे चेंडू चुकवून, बाद केलं. धाडस म्हणून ते दृश्य गाजलं. आम्हाला त्यातला सात हा आकडा जास्त मोलाचा वाटतो. स्टार्टरने सात इनिंग काढल्या की बुलपेनला फक्त सहा बाद करायचे उरतात.

तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक अँथनी रेंडन मोसमभर धो धो धावा करत होता: ३४ होम रन (चेंडू कुंपणापार, चारही बेस फिरून धाव) आणि १२६ धावा आणून दिलेल्या. डावखुरा हुआन सोटो, वय अवघं वीस, त्याचेही ३४ होम रन. ३१ जुलैला, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, रिझो यांनी तीन रिलीव्हर आणले. त्यांतला एक कामी आला: टोरांटोहून आलेला डॅनियल हडसन, कोपरावर दोनदा टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेला.

बुलपेन मात्र शेवटपर्यंत दुरुस्त झालं नाही. १९-३१नंतर संघाने ७४ जिंकले, ३८ हरले आणि ९३-६९वर मोसम संपवला, तेव्हाही बुलपेनची सरासरी साडेपाचच्या वर होती. नॅशनल लीगमधली, म्हणजे दोन गटांपैकी त्यांच्या गटातली, ती सर्वांत वाईट. ३ सप्टेंबरला त्याच मेट्सविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये १०-४ मागे असताना कर्ट सुझुकीच्या तीन धावांच्या होम रनने त्यांनी ११-१० असा सामना जिंकला. त्या रात्री भोक समोरच्याच्या बुलपेनला होतं.

(दृश्य: ऑक्टोबरचं कॅलेंडर. मोकळे दिवस रंगवलेले.)

आता हे कॅलेंडर बघा. १ ऑक्टोबरला वाइल्ड कार्डचा, म्हणजे बाद फेरीत शिरायचा, एकच सामना. मग लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धची मालिका: ३, ४, ६, ७ आणि ९ तारीख. मधे मोकळे दिवस. एप्रिल ते सप्टेंबर जी चैन परवडत नाही ती इथे मिळते: पाचवा स्टार्टर लागत नाही, आणि स्टार्टरचा साइड सेशनचा दिवस खऱ्या सामन्यात वापरता येतो. सरावाचे पंचवीस चेंडू टाकायचेच आहेत, तर ते आठव्या इनिंगमध्ये टाक. मार्टिनेझ यांचा बेत एवढाच होता. चार स्टार्टर, हडसन आणि डूलिटल. सहा हात. बाकीच्यांना शक्यतो बोलवायचं नाही.

वाइल्ड कार्डमध्ये शर्झरने पाच इनिंग टाकल्या आणि मिल्वॉकी ब्रुअर्स ३-१ने पुढे गेले. त्यानंतर स्ट्रासबर्ग आला, कारकिर्दीत पहिल्यांदाच रिलीव्हर म्हणून, आणि तीन इनिंग त्याने कोरड्या काढल्या. आठव्या इनिंगमध्ये सोटोचा फटका उजवीकडे गेला, ट्रेंट ग्रिशमच्या हातून चेंडू निसटला, तीन धावा आल्या. ४-३. नववी इनिंग हडसनची.

हा बेत बिनधोक नव्हता. डॉजर्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात सांचेझने पाच उत्तम इनिंग टाकल्यावर कॉर्बिनला आणलं. दोनच बाद करेपर्यंत त्याच्या नावावर सहा धावा लागल्या. स्टार्टरची सगळी तयारी घड्याळावर चालते. पहिल्या चेंडूच्या किती मिनिटं आधी ताणायचं, किती आधी फेकायला लागायचं, हे त्याचं ठरलेलं असतं, आणि सुरुवातीला लय सापडेपर्यंत त्याला थोडी सूट असते. रिलीव्हरला ती सूट नसते. तो येतो तेव्हा सामना आधीच पेटलेला असतो. हा सामना १०-४ असा गेला.

तरी मार्टिनेझ यांनी बेत सोडला नाही. पाचव्या, निर्णायक सामन्यात त्यांनी कॉर्बिनलाच पुन्हा बोलावलं आणि या वेळी तो टिकला. डॉजर्सनेही आपला महान स्टार्टर क्लेटन कर्शॉ रिलीव्हर म्हणून आणला होता. आठव्या इनिंगमध्ये रेंडन आणि सोटो यांनी त्याच्या लागोपाठच्या दोन चेंडूंवर होम रन मारले. दहाव्या इनिंगमध्ये ३६ वर्षांच्या हावी केंड्रिकने चार धावांचा होम रन ठोकला. ७-३. वॉशिंग्टनला आल्यापासून, म्हणजे २००५पासून, हा संघ अशी मालिका कधीच जिंकला नव्हता.

पुढच्या मालिकेत सेंट लुइस कार्डिनल्सचा निकाल लवकर लागला. पहिल्या तीन सामन्यांत स्टार्टरांनी प्रत्येकी सात किंवा त्याहून जास्त इनिंग काढल्या. चार सामन्यांत कार्डिनल्सच्या मिळून सहा धावा. भोक दिसायला जागाच उरली नाही.

(दृश्य: ह्यूस्टन. मिनिट मेड पार्क.)

वर्ल्ड सिरीज ह्यूस्टन अॅस्ट्रोजविरुद्ध, मोसमात १०७ सामने जिंकलेल्या संघाशी. पहिले दोन सामने ह्यूस्टनमध्ये, दोन्ही नॅशनल्सचे. पुढचे तीन वॉशिंग्टनमध्ये, तिन्ही अॅस्ट्रोजचे. पाचव्या सामन्याच्या सकाळी शर्झर उठला तर मान जखडलेली, हात वर होईना. कपडे घालायलाही बायकोची मदत लागली. त्याच्या जागी जो रॉसला टाकायला लागलं. सहा हातांच्या बेतातला एक हात गेला की काय होतं ते त्या रात्री दिसलं: ७-१.

सहावा सामना, पुन्हा ह्यूस्टन. स्ट्रासबर्गने पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावा दिल्या. ती इनिंग संपल्यावर मेनहार्ट यांनी त्याला सांगितलं की तुझा चेंडू आधीच ओळखू येतोय. पिचर ग्लव्हच्या आत चेंडूवरची पकड बदलतो तेव्हा ग्लव्ह किंचित उघडतो किंवा हलतो, आणि प्रत्येक पकडीची हालचाल निराळी असते. तरबेज बॅटर तेवढ्यावरून वेगवान चेंडू येणार की संथ हे ताडतो. यावर उपाय साधा: चेंडू कोणताही असो, प्रत्येक वेळी ग्लव्ह मुद्दाम हलवायचा. स्ट्रासबर्गने तेच केलं आणि नवव्या इनिंगमध्ये एक बाद करेपर्यंत पुढे एकही धाव दिली नाही. १०४ चेंडू. ७-२.

३० ऑक्टोबर, सातवा सामना. मानेत इंजेक्शन घेऊन तीन दिवसांनी परतलेला शर्झर. पाच इनिंग, १०३ चेंडू, जवळजवळ प्रत्येक इनिंगमध्ये बेसवर माणसं, तरी धावा फक्त दोन. समोर झॅक ग्रिंकी अप्रतिम टाकत होता. सातव्या इनिंगमध्ये रेंडनने होम रन मारला, सोटोला वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकटचा पहिला बेस) मिळाला आणि अॅस्ट्रोजच्या मॅनेजरने ८० चेंडूंवर ग्रिंकीला काढलं. आमच्या मते ती चूक होती, पण बिनबुडाची नव्हती. बॅटर त्याला तिसऱ्यांदा भेटत होते. विल हॅरिस आला. त्याचा दुसरा चेंडू खाली, बाहेरच्या कोपऱ्यावर, चांगलाच होता. केंड्रिकने तो उजवीकडे उचलला आणि चेंडू सीमारेषेवरच्या खांबावर जाऊन आदळला. खांबाला लागलेला चेंडू आतला धरतात. होम रन. ३-२.

शर्झरनंतर मार्टिनेझ यांनी नियमित रिलीव्हरला फोन केला नव्हता. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही इनिंग कॉर्बिनने टाकल्या, एकही धाव न देता. तोच कॉर्बिन. नववी हडसनने. शेवटचा बॅटर मायकल ब्रँटली हवेत बॅट फिरवून बाद झाला आणि हडसनने ग्लव्ह भिरकावून दिला. ६-२. सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले. वॉशिंग्टन शहराला १९२४नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळालं.

(दृश्य: २०१२चं जुनं चित्रण. डगआउटमध्ये बसलेला तरुण स्ट्रासबर्ग.)

मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू स्ट्रासबर्ग. २०१० मध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती. २०१२ मध्ये १५९ इनिंग आणि एक बाद झाल्यावर रिझो यांनी त्याला सप्टेंबरमध्येच थांबवलं, हात वाचवायला. त्या ऑक्टोबरमध्ये तो बसून राहिला आणि नॅशनल्स कार्डिनल्सविरुद्ध निर्णायक सामन्यात ६-०ने पुढे असूनही ९-७ने हरले. शेवटच्या इनिंगमध्ये बुलपेनने चार धावा दिल्या होत्या.

२०१९ मध्ये त्याने मोसमात २०९ इनिंग टाकल्या आणि ऑक्टोबरमध्ये आणखी ३६ इनिंग आणि एक बाद. डिसेंबरमध्ये त्याला सात वर्षांसाठी साडेचोवीस कोटी डॉलरचा करार मिळाला. त्या करारात तो आठ सामने खेळला. आधी मनगट, मग मान आणि खांद्यामधल्या नसा. शेवटचा चेंडू त्याने जून २०२२ मध्ये टाकला.